डाव्या डोळ्याचा रंग

दोऱ्यांच्या दुकानात ती लाल रंगावर अडून बसली होती. दुकानदारानं रेशमाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या लाल लडी तिच्यापुढे मांडल्या होत्या आणि तिला त्यातली एकही पटत नव्हती.

"हा फार भडक. हा विटकरी. हा तर रागावलेला लाल आहे," ती म्हणाली. "मला झोप नीट न झालेल्या माणसाचा लाल हवाय. फिकट, पण जिवंत."

दुकानदार तिला बरीच वर्षं ओळखत होता, त्यामुळे त्याला नवल वाटलं नाही. शिडी लावून तो वरच्या खणात शोधायला लागला.

बाहेर भुरभुर पाऊस होता. तेवढ्यात एक माणूस छत्री झटकत आत आला. आभाळ भरून आलेलं, आणि ह्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा. कोटाचं बटण तुटलं होतं आणि त्याला कोटाच्या रंगाचा दोरा हवा होता. काउंटरवरची दोन रिळं उचलून तो दारापाशी उजेडात गेला, आणि रंग नीट दिसावा म्हणून त्यानं चष्मा काढला.

झालं. तिची नजर गेली ती गेलीच.

माणसं समोरच्याचे कपडे बघतात, बूट बघतात. ही डोळे बघायची, आणि तेही एकेक सुटा. ह्या माणसाचा उजवा डोळा मधाच्या रंगाचा होता, कडेला किंचित हिरवट झाक. आणि डावा...

"डावा कुणी केला?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"डावा डोळा. उजवा इतका सुरेख, आणि डावा नुसता तपकिरी. जुन्या कपाटाला देतात तसा."

शिडीवर दुकानदाराचा हात थांबला. त्या माणसाच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. त्यानं चष्मा चढवला, रिळं होती तिथे ठेवली आणि पावसात निघून गेला. छत्री तिथेच राहिली.

"ताई," शिडीवरून दुकानदार म्हणाला, "जीभ आवरा जरा."

ती छत्री घेऊन धावली. तो फार लांब गेला नव्हता. रस्ता ओलांडायला उभा होता, खांद्यांवर पाऊस घेत.

"माफ करा," ती धापा टाकत म्हणाली. "मला असं बोलायचं नव्हतं. म्हणजे बोलायचंच नव्हतं. माझा धंदाच तो आहे, त्यामुळे... मी डोळे करते."

"कसले डोळे?"

"ज्याला जसे लागतील तसे."

त्यानं चष्म्यावरचं पाणी बोटानं पुसलं. मग म्हणाला, "दोन वर्षं झाली मला. आजपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं."

"लक्षात आलं असेल. बोललं कुणी नसेल," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला वाटलं, दुकानदाराचं ऐकायला हवं होतं.

पण तो हसला. अगदी अचानक, आपल्यालाच नवल वाटल्यासारखा. तिनं त्याच्या हातात छत्री दिली, छत्रीबरोबर आपलं कार्ड दिलं, आणि मागे न बघता परत फिरली.

तो येईल असं तिला मुळीच वाटलं नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात एका स्वच्छ सकाळी तो आला.

तिची कामाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. उत्तरेला भिंतभर खिडकी, खिडकीपाशी दोन खुर्च्या समोरासमोर, मधे टेबल, टेबलावर रंगांच्या बाटल्या आणि केसाएवढे बारीक ब्रश. हे सगळं तिच्या मामांनी उभं केलेलं. मामांनी आयुष्यभर डोळे केले होते. हात कापायला लागल्यावर त्यांनी ब्रश भाचीच्या हाती दिले आणि स्वतः साचे, घासणं आणि चहा एवढं ठेवून घेतलं.

"कसा गेला?" मामांनी विचारलं.

"बॅडमिंटन खेळताना. मित्रानं मारलेलं फूल सरळ डोळ्यात. त्याला अजून झोप लागत नाही, मी म्हणतो विसर आता." त्यानं चष्मा काढून हातात घेतला. "हॉस्पिटलात तयार डोळ्यांची एक पेटी होती. तीत होते त्यातला बऱ्यापैकी जुळणारा दिला."

"आणि काम काय करता?"

"शिकवतो. बाहेरून इथे कामाला आलेली मोठी माणसं असतात, त्यांना आपली भाषा. संध्याकाळचा वर्ग. चष्मा घालूनच शिकवतो. डोळ्यांना उजेड सोसत नाही असं सांगून ठेवलंय."

"मग बसा मास्तर," मामा म्हणाले, आणि त्या घरात त्याचं नाव मास्तर पडलं ते पडलंच.

डोळा करायचा म्हणजे आधी खोबणीचा साचा, मग पांढरा गोळा, त्यावर रेशमाच्या धाग्याच्या बारीक बारीक शिरा. त्यासाठीच ती त्या दिवशी लालासाठी अडून बसली होती. पण खरं काम पुढे. एका छोट्याशा चकतीवर बुबुळ रंगवायचं, एका थरावर दुसरा थर, आणि तेही दिवसाच्या उजेडात, समोरच्याच्या चांगल्या डोळ्यात बघत. त्याला काही सकाळी लागतात.

"माझ्या नाकाच्या शेंड्याकडे बघा," ती म्हणाली.

"किती वेळ?"

"मी पुरे म्हणेपर्यंत."

"बरं आहे काम," मास्तर म्हणाला.

तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि भिंग लावून डोळ्यातल्या बाहुलीचं माप घेतलं. मग रंग मिसळायला घेतले. थोडा पिवळा, त्यात मातकट, कडेला करडा. "लोक म्हणतात काळे डोळे," काम करता करता ती बोलत होती. "एवढे डोळे बघितले मी, काळा एकही नव्हता. उजेडात धरला की कुठलाही काळा डोळा कसलातरी दुसराच निघतो."

"माझा कसला निघाला?"

"अजून सांगता येत नाही. बदलतो सारखा."

"म्हणजे मी रंग बदलणारा माणूस."

"मी डोळ्याबद्दल बोलतेय."

"मी शब्दाबद्दल," तो म्हणाला. "ह्या शब्दानं मला वर्गात फार छळलंय. माझ्याकडे एक बाई आहेत, ब्यूटी पार्लरमध्ये काम करतात. दिवसभरात काय केलं ते लिहा म्हटलं, तर त्यांनी लिहिलं, आज मी एका नवऱ्या मुलीचं थोबाड रंगवलं."

तिला हसू आलं आणि ब्रश घसरला. "हसवू नका. गेली ना रेघ."

"मग मला परत यावं लागेल?"

"लागेल."

"अरेरे," तो म्हणाला. पण त्यात दुःख कुठे दिसेना.

पुढच्या खेपेला तो दुसरं काहीतरी घेऊन आला. त्याच्या वर्गात एक स्वयंपाकी होता. चोराला रंगेहाथ पकडलं म्हटल्यावर त्यानं विचारलं होतं, चोर पेंटर होता का. एक ट्रक चालवणारा होता, त्याला रंगीत तालीम समजावली तर तो म्हणाला, म्हणजे आधीच्या सगळ्या तालमी काळ्या-पांढऱ्या? आणि एक नर्सबाई होत्या, त्यांनी पत्ते समोर पसरून सांगितलं होतं की ह्यात मला लाल आणि काळा असे दोनच रंग दिसतात, तुम्ही चार कुठून मोजता?

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, डोळ्यांना दिसतात ते रंग वेगळे आणि भाषेतले वेगळे. भाषेत गाणं रंगतं, भांडण रंगतं, आणि माणूस काही न लावता रंगात येतो."

"वर्ग बरा रंगतो तुमचा," ती म्हणाली.

"इथे जास्त रंगतो."

मागे मामांचं घासायचं यंत्र घरघरत होतं. ते एकदम बंद झालं, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं.

एका सकाळी आभाळ इतकं भरून आलं की खिडकीत राखाडीशिवाय काही उरलं नाही. अशा उजेडात रंग धरता येत नाही. तिनं त्याला फोन करून येऊ नका सांगितलं. तरी नेहमीच्या वेळेला तो दारात उभा, छत्रीतून पाणी निथळतंय.

"आज काम होणार नाही म्हणून फोन केला होता ना?"

"फोन लागला नाही."

"तुम्ही उचललात. बोललात माझ्याशी."

"हो का," मास्तर छत्री कोपऱ्यात ठेवत म्हणाला. "मग नीट ऐकू आलं नसेल... पावसाचा आवाज होता."

त्या दिवशी ब्रशला कुणी हात लावला नाही. मामांनी चहा केला. खिडकीवर पाऊस वाजत राहिला आणि ती दोघं समोरासमोर बसून, काम नसताना एकमेकांकडे कसं बघायचं ते न कळल्यामुळे, बराच वेळ बाटल्यांकडे बघत राहिली. पण गप्पा थांबल्या नाहीत. तो गेल्यावर तिला समजलं की दुपार झाली आहे आणि आपण जेवायचं विसरलो आहोत.

डोळा तयार झाला. तिनं तो बसवला, मागे सरून बघितलं, जवळ जाऊन बघितलं. दोन्ही डोळे सारखे होते. इतका जुळलेला डोळा तिनं क्वचितच केला होता. मास्तर आरसा धरून बराच वेळ बसला, धन्यवाद म्हणाला आणि गेला.

चार दिवसांत तो परत आला.

"माझी ताई म्हणते, गडद वाटतो. आणि डोळा घाबरल्यासारखा दिसतो."

तिनं त्याला खुर्चीत बसवलं, समोर बसली, भिंग लावलं. "ताईंचं काहीतरी चुकतंय. अगदी तंतोतंत आहे."

पुन्हा चार दिवसांनी तो आला. "ताई ऐकत नाही."

आता तिला राग आला. कामावर कुणी बोट ठेवलं म्हणून थोडा, आणि उरलेला दुसऱ्याच कारणासाठी. आपण ह्याची वाट बघत होतो हे तिला जिन्यातली पावलं ऐकताक्षणी कळलं होतं, आणि ते तिला परवडणारं नव्हतं.

"मास्तर, रंग बरोबर आहे. उगाच कशाला चकरा मारता?"

मास्तरनं खिशातून फोटो काढून टेबलावर ठेवला. ताईनं घरात काढलेला, भर उजेडात. आणि त्यात... ताईचं खरं होतं. खऱ्या डोळ्याची बाहुली लहान, भोवती मधाचं रुंद कडं. तिनं केलेल्या डोळ्याची बाहुली मोठी, कडं अरुंद, त्यामुळे डोळा गडद, आणि घाबरल्यासारखा.

तिनं फोटोत बघितलं, मास्तरकडे बघितलं. समोर बसलेल्या माणसाचे दोन्ही डोळे सारखेच होते.

"मामा," ती हाक मारून म्हणाली, "जरा इकडे या. मला काही समजेना."

मामा हात पुसत आले. त्यांनी फोटो बघितला, तिला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः मास्तरसमोर बसले. "माझ्याकडे बघा." हात कापत होता म्हणून त्यांनी भिंग टेबलाच्या टेकूवर धरलं. "तू किती मिलिमीटर घेतलीयस?"

"साडेचार."

"मला साडेतीन दिसतेय."

"शक्यच नाही."

"बस तू."

ती बसली. मास्तरनं सवयीनं तिच्या नाकाच्या शेंड्याकडे बघितलं. मामा बाजूनं वाकले.

"साडेचार," मामा म्हणाले.

"पण उजेड तोच आहे मामा."

"उजेड तोच आहे," मामा म्हणाले. "समोरचं माणूस बदललं."

"काय झालं?" मास्तरनं विचारलं. "काही काळजीचं आहे का?"

"छे. अंधारात बाहुली मोठी होते, हे तर तुम्हाला माहीत असेल..."

"हो."

"तशी इतरही काही वेळा होते," मामा म्हणाले. "ह्या डोळ्याचं माप आता मी घेतो. हिनं घ्यायचं नाही." आणि चहा ठेवायला म्हणून ते आत गेले.

मास्तरचे कान लाल झाले. ती ब्रश पुसायला लागली. ते आधीच स्वच्छ होते.

तिला आनंद झाला नव्हता असं नाही. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ भीती आली, आणि ती जुनी होती. काही वर्षांपूर्वी असाच एक जण तिच्याकडे आला होता, इंजिनियर. नवा डोळा बसल्यावर तो फुलं घेऊन आला, मग सिनेमाला गेली दोघं, मग पुढचंही बोलणं झालं. आणि महिना-दीड महिन्यात तो यायचा थांबला. एकदा रस्त्यात समोरून आला, बरोबर मित्र होते. तिनं हात वर केला, तर त्यानं तिच्याकडे अनोळखी माणसासारखं बघितलं आणि पलीकडच्या फुटपाथवर गेला. तिला राग आला नाही, फार उशिरा उलगडा झाला. त्याचा डोळा खोटा आहे हे त्याच्या नव्या जगात कुणाला माहीत नव्हतं. माहीत असलेली एकटी तीच. आणि ज्याला विसरायचंय त्याला आठवण करून देणारं माणूस जवळ कसं चालेल?

तेव्हापासून मामांनी घालून दिलेला नियम ती काटेकोर पाळायची. रस्त्यात आपलं गिऱ्हाईक दिसलं तर आपण होऊन ओळख द्यायची नाही.

दुसरा डोळा मामांच्या मापावर झाला. तो बसवायच्या दिवशी तिनं मास्तरला खिडकीबाहेर, समोरच्या गच्चीवरच्या कबुतरांकडे बघायला सांगितलं. कबुतरांकडे बघताना दोन्ही डोळे एकसारखे होते. त्यानं आरसा घेतला. बघता बघता दोन्ही डोळ्यांत पाणी आलं. खोबणी रिकामी असली तरी अश्रू येतात, हे तिला माहीत होतं. तरी तिनं नजर वळवली.

"मला तुम्हाला काहीतरी..." मास्तर म्हणाला.

"आत्ता काही बोलू नका."

"मी काय बोलणार ते तरी..."

"माहीत आहे. इथून नवा डोळा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी महिनाभर फार आवडते." तिनं हे हसत म्हणायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. "उपकाराचा रंग असतो तो मास्तर, कच्चा असतो. महिन्याभरात उतरतो. तुमचा दोष नाही, कुणाचाच नसतो."

"महिना?"

"फार तर."

त्यानं मान हलवली. वाद घातला नाही, थट्टा केली नाही. काळा चष्मा खिशात ठेवून तो जिना उतरून गेला, आणि ती खिडकीपाशी उभी राहून स्वतःशीच म्हणाली, बघ, किती सहज पटलं त्याला.

मग दिवस कसे गेले ते तिला नीट सांगता आलं नसतं. उन्हाच्या सकाळी काम असायचं, त्या बऱ्या जायच्या. भरून आलेल्या सकाळी ती जिन्याकडे कान देऊन बसायची आणि स्वतःवरच चिडायची. मामा एकदा म्हणाले, "फोन करून विचारावं, डोळा टोचत तर नाही ना. रीतच आहे तशी." ती म्हणाली, टोचला तर येईल. मामांनी तो विषय सोडला, पण तिच्या चहात साखर जास्त पडायला लागली.

आणि मग एका संध्याकाळी बाजाराच्या रस्त्यावर तो दिसला.

आधी आवाज आला. "हा गडद निळा, आणि हा आकाशी. आणि ह्या काकांनी दुकानाची रंगरंगोटी केलीय. नाही नाही, थोबाड नाही रंगवलेलं." त्याच्याभोवती सात-आठ माणसांचा घोळका होता. वर्ग बाजारात आणला होता त्यानं. चष्मा नव्हता. पण तो घोळक्याच्या जरा कडेला उभा होता, डावी बाजू भिंतीकडे करून.

तिचे पाय थबकले. परत फिरायला उशीर झाला होता. तिच्या शेजारी भांड्यांच्या दुकानाची काच होती. ती काचेकडे तोंड करून उभी राहिली आणि एका पातेल्याकडे असं बघायला लागली की जणू आयुष्यभर तेच शोधत होती. काचेत तिला मागचा रस्ता दिसत होता. घोळका जवळ आला. आता तो बघेल, आणि पलीकडच्या फुटपाथवर जाईल.

"पातेलं घ्यायचंय?" मागून आवाज आला.

ती वळली. मास्तर समोर उभा होता, आणि त्याच्यामागे अख्खा वर्ग.

"मी... तुम्ही कामात होतात, म्हणून..."

"ह्यांना ओळखत नाही तुम्ही," मास्तर वर्गाकडे वळून म्हणाला. "मी तुम्हाला सांगितलं होतं की मला उजेड सोसत नाही, म्हणून चष्मा. ते खोटं होतं. माझा एक डोळा गेलेला आहे. आता जो आहे तो ह्यांनी केलाय. ह्यांनी रंगवलाय."

सगळ्यांच्या नजरा आधी तिच्याकडे आणि मग त्याच्या डोळ्यांकडे वळल्या.

"कोणता?" नर्सबाईंनी विचारलं.

"ओळखा."

सगळे पुढे सरकले. स्वयंपाकी म्हणाला उजवा. ट्रकवाला वाकून वाकून बघून म्हणाला, उजवाच. पार्लरवाल्या बाईंनी बोटानं हनुवटी धरून त्याचा चेहरा इकडे तिकडे वळवला आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही थट्टा करता. दोन्ही खरे आहेत."

मास्तर हसायला लागला. ते हसू तिनं त्या पहिल्या दिवशी पावसात ऐकलं होतं, पण आज त्यात नवल नव्हतं, नुसती मोकळीक होती. खांद्यावरचं ओझं खाली ठेवल्यावर माणूस हसतं तसं. आणि तो भिंतीपासून दूर झाला, घोळक्याच्या मधोमध उभा राहिला.

"सर," ट्रकवाला म्हणाला, "ह्या बाईंच्या चेहऱ्याचा रंग बदलला. पांढऱ्याचा लाल झाला. ह्याला काय म्हणतात?"

"ते उद्या शिकवतो," मास्तर म्हणाला. "आज सुट्टी."

"पण अजून अर्धा तास..."

"सुट्टी," नर्सबाई ट्रकवाल्याच्या दंडाला धरून म्हणाल्या, आणि वर्ग आपसात कुजबुजत बाजारात पांगला.

रस्त्याच्या टोकाला एक चहाची टपरी होती, टपरीपुढे बाक. दोघं तिथे बसली. चहा आला. वाफ निघत होती आणि कुणी पीत नव्हतं.

"मला वाटलं तुम्ही गेलात," ती म्हणाली. "म्हणजे... उतरला."

"तुम्हीच महिना म्हणालात. मी म्हटलं बरं, महिना तर महिना. यायचं नाही, फोन करायचा नाही. उतरायचं तर उतरू दे." त्यानं कपाकडे बघितलं. "भरून आलं की फार जड जायचं."

"भरून आलं की मलाही..."

"उद्या संपतोय महिना. उद्या सकाळी येणारच होतो. कोटसुद्धा इस्त्री करून ठेवलाय." तो थांबला. "पण तुम्ही त्या पातेल्याकडे तोंड फिरवलंत, तेव्हा मला कळलं, ह्यांना वाटतंय मी ओळख देणार नाही. मग एक दिवस थांबवेना."

तिनं त्याला मग इंजिनियरचं सांगितलं. फारसं नाही, चार वाक्यांत. सांगताना तिला जाणवलं की ती गोष्ट आता लहान झाली आहे, दुसऱ्या कुणाची वाटावी इतकी.

"वर्गाला सांगायची काही गरज नव्हती," ती म्हणाली.

"होती. तुमची ओळख काय म्हणून करून दिली असती? दोऱ्यांच्या दुकानात भेटलेल्या बाई?" तो गंभीर झाला. "आणि मला विसरायचं नाहीये. डोळा गेला ते वाईटच झालं. पण तो शाबूत असता तर तुम्ही माझ्याकडे ढुंकून बघितलं नसतं."

"बघितलं असतं. उजवा फार सुरेख आहे."

"कसल्या रंगाचा ठरला शेवटी?"

ती विचारात पडली. इतक्या सकाळी बसून तिनं तो रंग थराथरानं लावला होता, एकेक बाटली तिला पाठ होती. आणि आत्ता, ह्या क्षणी, तिला एकाही रंगाचं नाव आठवेना. "सांगता येत नाही," ती म्हणाली. "आवडतो एवढंच कळतं."

मास्तरनं कप खाली ठेवला. "मग मी बोलू का आता? त्या दिवशी अडवलं होतंत."

"बोलायला कशाला हवं... बाहुलीनं सांगून झालंय सगळं. मामांसमोर."

"ते माप होतं. मला शब्दांत सांगायचंय. भाषेचा मास्तर आहे मी." त्यानं श्वास घेतला. "मला तू आवडतेस. उपकार वगैरे काही नाही. महिनाभर रोज तपासून बघितलं."

तुम्हीचं तू कधी झालं ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या आलं. तिनं चहाचा पहिला घोट घेतला. चहा गार झाला होता. तिला तो फार चांगला लागला.

"मलाही तू," ती म्हणाली.

मग बराच वेळ दोघं बसून राहिली. तो ताईबद्दल सांगत होता, ती काय म्हणेल, किती प्रश्न विचारेल. बोलताना तो सारखा मान वळवत होता, अगदी हनुवटी खांद्याला लागेपर्यंत, आणि मानेवरची शीर ताणली जात होती. दोन-तीनदा असं झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती त्याच्या डावीकडे बसली होती. तिच्याकडे बघायचं म्हणजे त्याला अख्खा चेहरा वळवावा लागत होता.

"अरे, सांगायचं नाही का?" ती म्हणाली. कप उचलून ती उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या उजवीकडे येऊन बसली. "आता मान वळवायला नको."

त्यानं तरीही वळवली.